बाल्कन वऱ्हाडातली पंगत

किसनरावांनी ताटावर आडवा हात धरला आणि मान हलवली.

"नको, नको. लय झालं."

वाढणाऱ्या गुलफामनं ट्रे लगेच मागे घेतला, अदबीनं मान लववली आणि तो पुढच्या टेबलाकडे निघून गेला. ट्रेमध्ये बुरेक होते. पातळ पापुद्र्यांच्या, तूप लावून खरपूस भाजलेल्या गुंडाळ्या, आत पालक आणि पनीर. किसनरावांची नजर ट्रेच्या मागोमाग तीन टेबलं गेली आणि एकटीच परत आली. हात मात्र बराच वेळ ताटावरच होता. शेवटी त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

समोर बसलेल्या जहीरभाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. किसनराव म्हणजे मूर्तिजापूरकडचा गडी. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या जेवणात हा माणूस उठला की मगच आचारी सुटकेचा श्वास टाकायचे, आणि तरुणपणी एका लग्नात यांच्यापायी दुसऱ्यांदा वरण टाकावं लागलं होतं. असा माणूस एक बुरेक आणि चमचाभर भरीत खाऊन लय झालं म्हणतो, म्हणजे ते जेवण त्याच्या गळ्याखाली उतरत नसणार. दुसरा अर्थ जहीरभाईंना सुचेना.

दोघांची दोस्ती तीस वर्षांची. जहीरभाईंचं जुन्या शहरात गाद्या-रजया भरायचं दुकान. किसनराव बहिणीच्या लग्नाच्या गाद्या भरून घ्यायला घरचाच कापूस घेऊन आले, मजुरीवरून दुपारपर्यंत भांडले आणि संध्याकाळी जहीरभाईंच्या घरी जेवून गेले, तेव्हापासूनची. आता लोक फोमच्या गाद्या घेतात आणि बोंडअळीला कंटाळून किसनरावांनी अर्ध्या वावरात सोयाबीन धरलं आहे, पण दोस्तीला कशाची कीड लागली नाही.

जहीरभाईंचा मुलगा वकार काही गाद्यांच्या दुकानात बसला नाही. एजंट गाठून तो क्रोएशियाला गेला, हॉटेलात भांडी घासता घासता स्वयंपाक शिकला, तिथून साराजेव्होला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं राहिला, आणि परत येऊन त्यानं अकोल्यात, गौरक्षण रोडवर, 'बाल्कन वऱ्हाड' नावाचं हॉटेल थाटलं. तिकडचा आयवार म्हणजे लाल मिरच्या आणि वांगी भाजून, कुटून केलेलं भरीतच. पहिल्यांदा तो खाताना वकारला रडू आलं होतं, असं त्यानं पुढे आईला सांगितलं. मग त्यानं आयवार भाकरीवर घातला, तिकडची घट्ट साय रोडग्यावर घातली, बोझा नावाच्या त्यांच्या पेयासाठी ज्वारीची आंबील उतरवली, आणि चेवापी नावाचे बोटभर कबाब आपल्या मसाल्यात भाजले. शाकाहाराची चूल वेगळी, भांडी वेगळी, आणि कोणी विचारायच्या आत पाहुण्याला आत नेऊन ती दाखवायची.

दर रविवारी अकरा ते तीन तिथं 'बॉटमलेस ब्रंच' असायचा. एकदा पैसे भरायचे, मग ताट आणि पेला रिकामा राहू द्यायचा नाही, हवं तितकं खा-प्या. हे किसनरावांना फोनवर समजावून सांगायला जहीरभाईंना अजिबात त्रास झाला नव्हता.

"म्हंजे पंगतच," किसनराव म्हणाले होते. "फक्त पैसे घेऊन."

पण सहा महिने ही पंगत काही रंगत नव्हती. लोक येत, भिंतीवरचे तिकडच्या जुन्या पुलाचे फोटो बघत, घास-दोन घास खात, निघताना अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम' असं लिहून जात आणि पुन्हा फिरकत नसत. गावात जो तो सोयाबीनच्या भावाकडे बोट दाखवी. वावरात पिकलं नाही तर अकोल्याच्या बाजारात गिऱ्हाईक कुठून येणार, हे खरंच होतं. पण वकारचं मत वेगळं होतं. आपल्या हाताला चव नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी साराजेव्होहून उस्तादाचा निरोप आला. जागा रिकामी आहे, सोमवारपर्यंत कळव. दुपारी जेवताना वकारनं घरात सांगितलं, जाईन म्हणतो. त्याची आई सबीहा ताटावरून उठून आत गेली. जहीरभाई मात्र शांतपणे म्हणाले, "जा बेटा. इथं काय ठेवलं हाय. तुही मर्जी." हे म्हणताना त्यांना स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. त्यांच्या बापानं त्यांना कानाला धरून दुकानात बसवलं होतं. आपण पोराचे पाय बांधायचे नाहीत, हे त्यांनी वकार जन्मला त्या दिवशीच ठरवलेलं. नंतर दुकानात जाऊन त्यांनी एक धड शिवलेली गादी उसवली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा शिवत बसले.

तरी आतून राहवेना. म्हणून त्यांनी किसनराव आणि त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, या रविवारी बोलावून घेतलं. किसनराव आडवे होईस्तोवर जेवले असते, तर पोराला दाखवता आलं असतं की बघ, वऱ्हाडातलं सगळ्यात मोठं पोट तुझ्या हातानं भरलं. यातलं एक अक्षरही त्यांनी पाहुण्यांना सांगितलं नव्हतं.

आणि आता ते मोठं पोट समोर बसून बडीशेपेच्या वाटीकडे बघत होतं.

चेवापी आले. किसनराव म्हणाले, मंग पाहू. चेवापी गेले. बोझाचा जग आला, मैनाबाईंनी पेल्यावर तळवा ठेवून राहू द्या म्हटलं, जग गेला. सायीचे रोडगे आले तेव्हा दोघांनी एकदमच मान हलवली आणि मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारच्या टेबलावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले केशवराव बायको आणि मेव्हण्यांसह बसले होते, तिथंही हेच चाललं होतं. सगळ्या हॉलभर गरम खाण्याचा वास दरवळत होता आणि माणसं एकमेकांशी सोयाबीनवरच्या पिवळ्या रोगाबद्दल बोलत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत वकारचा चेहरा दिसायचा, भरलेला ट्रे भरलेलाच परत आला की नाहीसा व्हायचा.

जहीरभाईंना घ्या म्हणायचा धीर होईना. एक तर पोराच्या धंद्यात लुडबुड करायची नाही, हे ठरलेलं. दुसरं म्हणजे आग्रह करून मित्राच्या नरड्यात नावडता घास कोंबायचा कसा. त्यांनी एकदाच विचारलं, कसं हाय. किसनराव म्हणाले, लय चांगलं हाय, आणि पुन्हा बडीशेपेकडे पाहू लागले.

तेवढ्यात मैनाबाई हात धुवायला उठल्या. जहीरभाई त्यांना वाट दाखवायला गेले. बेसिनपाशी बाईंनी आधी मागे कोणी नाही ना ते पाहिलं.

"भाऊजी, राग नका मानू. इथं जवळ कुठं कचोरी भेटन काय?"

"कचोरी?"

"यायले भूक सहन होत नाई, डोकं दुखते. सात वाजता घरून निंगालो, पोटात काईच नाई. तुमच्या इथं जेवाचं हाय म्हनून चहासंगं टोस बी नाई खाल्ला."

जहीरभाई त्यांच्याकडे बघतच राहिले. "पन एवढं समोरून फिरून राहिलं," ते म्हणाले, "अन् तुमीच तं नको म्हनून राहिले."

आता बघत राहायची पाळी मैनाबाईंची होती.

"मंग? पयल्याच डावाले हो म्हनाव काय? उपाशी घरचे हावो काय आमी? तो पोरगा एकडाव इचारते अन् पयते. आमाले वाटलं, सामान कमी पडलं असन, म्हनून जबरीनं वाढाची हिंमत होत नसन त्याची. आजकाल सगळ्यायचेच हाल हायेत, भाऊजी. यायनं मले टेबलाखालून पाय मारला, का मांगू नको, जहीरभाऊची इज्जत जाईन."

जहीरभाईंना स्वतःचं इथलं जेवण आठवलं. हॉटेल उघडल्यावर दुसऱ्या रविवारी ते स्वतः इथं जेवायला आले होते. गुलफामनं विचारलं, त्यांनी नको म्हटलं, गुलफाम गेला. घरी जाऊन त्यांनी सबीहाकडून गुपचूप खिचडी मागून घेतली होती आणि वकारला जेवण फार उत्तम होतं असं सांगितलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, मालकाचा बाप म्हणून आपल्याला जपूनच वाढणार. बाकीच्या गावानं काय काय वाटून घेतलं असेल आणि घरी जाऊन कशाकशाची खिचडी खाल्ली असेल, या विचारानं त्यांना हसू फुटलं आणि लगेच सहा महिने आठवून ते विरलं.

ते तडक गुलफामकडे गेले. गुलफाम सबीहाचा भाचा, पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला सरळ मुलगा. तू दुसऱ्यांदा का विचारत नाहीस, असं त्यांनी विचारल्यावर त्याला प्रश्नच कळला नाही. पाहुणा नाही म्हणाला की पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वकारभाईंनीही तेच सांगितलं होतं. तिकडं तर एकदा नाही म्हणजे संपलं. गुलफाम मोठ्या कष्टानं सहा महिने हे पाळत आला होता.

जहीरभाईंनी त्याच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि बाह्या सारल्या. दावतींमध्ये आणि लग्नांच्या पंगतींमध्ये त्यांनी चाळीस वर्षं वाढलं होतं. किसनरावांच्या गावात तर भंडाऱ्याच्या पंगतीतही त्यांच्या हाती एक तरी बादली दिली जायचीच.

आधी ते केशवरावांकडे गेले. केशवरावांनी दोन्ही हात ताटावर पसरले.

"नाही हो, आता जागाच नाही."

"जागा मले दिसून राहिली," जहीरभाई म्हणाले आणि त्यांनी अंगठा व तर्जनीमधल्या फटीतून एक चेवापी बरोबर ताटात सोडला. केशवराव अहो अहो करत हसले. हसताना हात सैल झाले, त्याबरोबर आणखी तीन पडले. बाईंना त्यांनी वेगळ्या ट्रेमधला बुरेक वाढला, तो भावाच्या हातचा म्हणून. मेव्हण्यांना सांगितलं की तुम्ही घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही, आणि ट्रे घेऊन खरोखरच तिथं उभे राहिले. मेव्हण्यांनी घेतलं. घेतल्यावर त्यांच्या तोंडावर जो सुटल्याचा आनंद दिसला, तो पाहून जहीरभाईंना त्यांचीच कीव आली.

मग ते बुरेकचा ट्रे घेऊन किसनरावांसमोर उभे राहिले. किसनरावांनी रीतसर आडवा हात धरला.

"नको, जहीरभाऊ. खरंच नको."

"तुमाले माही शपथ."

"शपथ काहून घालता? बरं, अर्धा."

जहीरभाईंनी चार घातले. पुढचा पाऊण तास वऱ्हाडातलं सगळ्यात मोठं पोट आपल्या कीर्तीला जागलं. आयवारची वाटी तीनदा भरली. हे भरीतच हाय, फक्त जरा फिरून आलं, असा निकाल किसनरावांनी दिला आणि चौथ्यांदा नको म्हणून पाचव्यांदा घेतलं. बोझा पिऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि आपल्या आजीच्या आंबिलीची आठवण सगळ्या हॉलला ऐकवली. कोपऱ्यातल्या एका कुटुंबानं तर आता आपल्याकडे कधी येणार, अशा नजरेनं ट्रेची वाट पाहायला सुरुवात केली होती. गुलफाम आधी भिंतीला टेकून घाबराघुबरा होऊन पाहत होता. मग त्यानंही एक ट्रे उचलला आणि एका म्हाताऱ्या बाईंना लाजत लाजत, घ्या ना आजी, असं म्हटलं. आजी नको म्हणाल्या. गुलफामनं डोळे मिटून पुन्हा घ्या ना म्हटलं. आजींनी दोन घेतले.

दोन वाजता वांगी संपली. अडीचला रोडगे. वकार स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभा राहिला, हाताला पीठ, कपाळावर घाम, आणि आपलंच हॉटेल तो परक्यासारखं पाहत होता. केशवराव उठून त्याच्याकडे गेले आणि पुढच्या रविवारी व्याह्यांना घेऊन येतो म्हणाले.

पाहुण्यांची गाडी चारची होती. निघताना मैनाबाईंनी वकारच्या डोक्यावरून हात फिरवला, पोरगं वाळलं म्हणाल्या, आणि लग्नाचं कधी काढता असं जहीरभाईंना विचारलं. तेव्हा जहीरभाईंना सांगावं लागलं. तो उद्या तिकडं कळवणार, परत जाणार. किसनरावांचा चेहरा उतरला. कळवू द्या, त्याची मर्जी, असं जहीरभाईंनी घाईघाईनं पुढे जोडलं.

मैनाबाई पायरीवर थांबल्या.

"आमचा गजेंद्र बी असाच गेला. पुन्याले कंपनीत जाऊ का, म्हने. हे म्हनले, जा, वावरात काय ठेवलं हाय. सात वर्सं झाले. आमी दोघायनं एकडाव बी नको म्हनलं नाई त्याले."

"जा म्हनाचं नाई तं काय म्हनाचं," किसनराव रस्त्याकडे बघत म्हणाले. "दोन वर्सं सारखी बोंडं किडून राहिली होती. कोन्या तोंडानं थांब म्हनू?"

जहीरभाईंनी त्यांना ऑटोत बसवून दिलं, ऑटो वळेपर्यंत ते उभे राहिले आणि मग मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले.

वकार एकटाच होता. मोठं भगोणं घासत होता आणि काहीतरी गुणगुणत होता. घरात उर्दू चालायची, पण ती आईशी. लहानपणापासून दुकानात गिऱ्हाइकांपुढे बसून बसून बापलेकांची आपसातली बोली वऱ्हाडीच होऊन गेली होती. वांगी संपली म्हणून त्यानं दोनदा सांगितलं. गुलफाम आणि त्या आजींची गोष्ट सांगून तो मनापासून हसला. मग हसू ओसरलं.

"आज मजा आली, अब्बा. पन एका रैवारानं काय होते. उस्तादाले उद्या कळवाचं हाय. जाईन म्हनतो मी."

'तुही मर्जी' हे शब्द जहीरभाईंच्या जिभेवर तयारच होते. ते त्यांनी गिळले.

"नको जाऊ."

वकारचा हात भगोण्यात थांबला. "काय?"

"नको जाऊ म्हनलं."

तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. तिकडचा पगार, इथलं भाडं, पाऊस नाही झाला तर कोण येणार जेवायला, आणि गुलफाम तरी किती दिवस राहणार. सगळं खरं होतं. जहीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मालूम हाय मले. तरी नको जाऊ."

वकारनं नळ बंद केला. हात पुसायला त्यानं बराच वेळ घेतला, एकेक बोट वेगळं पुसलं.

"पयल्या डावाले गेलो, तवा तुमी स्टेशनावर मले येवढंच म्हनलं का गाडी टाइमावर हाय," तो खाली बघत म्हणाला. "अन् या गुरवारी म्हनलं, जा. मले वाटलं, तुमालेच पायजे होतं, मी जावं."

जहीरभाई दाराची चौकट धरून उभे होते. आपण पोराला केवढं मोकळं सोडलं, हे त्यांनी सबीहाला, शेजाऱ्यांना, मशिदीत भेटणाऱ्यांना किती वेळा सांगितलं होतं.

"कधीच नव्हतं पायजे," ते म्हणाले. "पयल्या डावाले नाई, आता बी नाई. एक दिवस नाई."

वकारनं मान वर केली नाही. त्यानं मळकट अ‍ॅप्रनच्या खिशातून फोन काढला आणि तो हातात धरून उभा राहिला.

"मंग उस्तादाले काय लिहू?"

"लिही, बाप येऊ देत नाई."

"हासन तो. तीस वर्साचा घोडा झाला अन् बापाले इचारते, म्हनन."

"म्हनू दे."

वकार ओट्याला टेकून लिहायला लागला. एवढ्याशा गोष्टीला जितका वेळ लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ तो लिहीत होता, मधेच पुसत होता, पुन्हा लिहीत होता. जहीरभाई त्याच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. ती भाषा त्यांना येत नव्हती, चष्मा तर दुकानातच राहिला होता. तरी तो निरोप जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.